शहराभोवतीचा खंदक

२००७ च्या जानेवारीत मी पहिल्यांदा रॉचेस्टरला आलो तेव्हा पुण्यात सगळ्यांना "न्यूयॉर्कला चाललोय" असं सांगून निघालो होतो. अगदीच खोटं नव्हतं. रॉचेस्टर न्यूयॉर्क राज्यातच आहे, फक्त न्यूयॉर्क शहरापासून गाडीने साडेपाच-सहा तास लांब, लेक ऑन्टारियोच्या काठावर. आत्याने फोनवर विचारलं, "स्वातंत्र्यदेवी पाहिलीस का रे?" मी म्हटलं, "अजून नाही, बर्फ थांबला की." (तो एप्रिलमध्ये थांबला.)

कंपनीने राहायची सोय हेन्रिएटा नावाच्या उपनगरात केली होती. सहापदरी रस्ता, दोन्ही बाजूंना गाड्यांची शोरूम्स, हॉटेलं, एक मॉल, आणि फूटपाथ नावाची चीज औषधालाही नाही. पहिल्या शनिवारी मी ठरवलं की आता "गावात" जायचं. पुणेकर माणसाच्या डोक्यात गाव म्हणजे लक्ष्मी रोड आणि मंडई. गर्दी असणार, चालता येईल, काहीतरी चटकमटक खायला मिळेल अशा हिशोबाने बस पकडून मेन स्ट्रीटला उतरलो. दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यावर मी, बसस्टॉपवरची चार-पाच माणसं आणि वारा!

थंडीपासून बचाव म्हणून समोर दिसली त्या इमारतीत शिरलो. आत एक मोठा छप्पर असलेला चौक होता, त्यात मधोमध खांबावर एक भलंमोठं घड्याळ, त्याच्याभोवती बारा देशांच्या कळसूत्री बाहुल्यांचे बारा डबे. आणि सभोवती बरीचशी बंद दुकानं. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी नवखा दिसत असणारच, कारण त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली: नाताळात इथे छताखालून मोनोरेल फिरायची, त्यात बसायला पोरांची रांग लागायची, त्यांनी स्वतःच्या पोरांना आणलं होतं, मग नातवंडांनाही. "आता कोणी येत नाही," एवढं म्हणून ते गप्प झाले.

त्या इमारतीचं नाव मिडटाउन प्लाझा. पुढच्याच वर्षी ती बंद झाली. पण तोवर मला रॉचेस्टरच्या इतिहासाचा नाद लागला होता आणि तो अजून सुटलेला नाही. आजचा लेख त्याबद्दल. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

रॉचेस्टरचं मूळ म्हणजे जेनेसी नदीचा धबधबा. धबधब्यावर पिठाच्या गिरण्या आल्या, १८२० च्या दशकात ईरी कालवा आला आणि पीठ थेट न्यूयॉर्क बंदराला जायला लागलं. गाव एवढं झपाट्याने वाढलं की लोक त्याला पिठाचं शहर म्हणत. पुढे गहू पश्चिमेकडे सरकला, इथे फुलझाडांच्या रोपवाटिका निघाल्या, तेव्हा उच्चार तोच ठेवून ते फुलांचं शहर झालं. (इंग्रजीत पीठ आणि फूल यांचा उच्चार जवळपास सारखाच. रीब्रँडिंगचा खर्च शून्य!) फ्रेडरिक डग्लसने गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्र १८४७ मध्ये इथूनच काढलं. सुझन अँथनीला मतदान केलं म्हणून १८७२ मध्ये अटक झाली ती इथेच. आणि मग जॉर्ज ईस्टमन नावाच्या बँकेतल्या कारकुनाने कोडॅक काढली.

कोडॅकबद्दल वेगळं काय सांगायचं? १९८२ मध्ये एकट्या रॉचेस्टर परिसरात तिची ६० हजारांवर माणसं कामाला होती. नफ्यातला वाटा कामगारांना दरवर्षी बोनस म्हणून मिळायचा आणि त्या आठवड्यात गावातले गाडीविक्रेते आणि फर्निचरवाले दिवाळी साजरी करायचे. शिवाय झेरॉक्स, बॉश अँड लोम. थोडक्यात, गावात इंजिनियर भरपूर आणि पैसा मुबलक. १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३,३२,४८८ होती. हा आकडा लक्षात ठेवा, कारण त्यानंतर तो पुन्हा कधीच गाठला गेला नाही.

आता मजा बघा. ईरी कालवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराबाहेरून वळवला गेला. मग गावातल्या रिकाम्या चरात १९२७ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली. म्हणजे आयतं खोदकाम वापरून मेट्रो! जुन्या कोडवर नवं फीचर चढवायची आपली सवय काही नवी नाही. ती रेल्वे १९५६ मध्ये प्रवाशांसाठी बंद पडली, आणि तिच्या पूर्वेकडच्या मार्गावरून द्रुतगती रस्ता गेला. बोट, रेल्वे, मोटार, सगळ्यांनी एकच खड्डा वापरला. मधला भुयाराचा तुकडा ब्रॉड स्ट्रीटच्या पुलाखाली उरला. भिंतीभर ग्राफिटी. मी दोनदा जाऊन आलोय.

एवढ्यावर न थांबता शहराने आणखी एक खड्डा खणला, आणि आपली गोष्ट खरी तिथे सुरू होते. १९५० च्या दशकात सुरू होऊन १९६५ मध्ये पूर्ण झालेला 'इनर लूप' हा डाउनटाउनला गोल वेढा घालणारा महामार्ग. लांबी तीन मैलांच्या आत, पण बराचसा भाग जमिनीच्या खाली खोदलेला. नकाशावर बघितलं तर भुईकोट किल्ल्याभोवतीचा खंदक वाटतो. इथले लोकही त्याला खंदकच म्हणतात, ही काही माझी उपमा नव्हे.

ही कल्पना कोणा मूर्खाच्या डोक्यातून निघाली असं समजू नका. १९५० च्या दशकात सगळ्याच अमेरिकन शहरांच्या महापौरांना एकच भीती होती: माणसं उपनगरात राहायला चालली आहेत, मागोमाग दुकानंही जातील. मग उपाय काय? उपनगरातल्या माणसाला गाडीने झटपट गावात येता आलं पाहिजे आणि गाडी लावता आली पाहिजे. व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाने हे फार नीट मांडलं होतं. ग्रुएन व्हिएन्नाचा ज्यू, १९३८ मध्ये नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत आलेला. व्हिएन्नातले चौक, कॅफे, पायी फिरणारी माणसं त्याच्या डोळ्यांसमोरून कधी गेलीच नाहीत. १९५६ मध्ये त्याने मिनेसोटात साउथडेल हा छताखालचा मॉल बांधला. त्याच्या मनात होतं उपनगराला एक चौक द्यायचं; मिळाली ती आज जगभर दिसणारी मॉलची कॉपी-पेस्ट. त्याच वर्षी त्याने टेक्सासमधल्या फोर्ट वर्थसाठी एक आराखडा केला: गावाभोवती गोल रस्ता, त्यालगत वाहनतळ, आणि आत मोटारींना बंदी. आत फक्त माणसं चालणार.

फोर्ट वर्थने तो आराखडा बासनात ठेवला. पण रॉचेस्टरमध्ये मॅककर्डी आणि फोरमन या दोन मोठ्या दुकानांच्या मालकांनी ग्रुएनला बोलावलं. एरवी हे एकमेकांचे स्पर्धक! दोघांनी मिळून स्वतःच्या दुकानांना जोडणारा छताखालचा चौक, वर ऑफिसांचा मनोरा आणि पोटात सुमारे दोन हजार गाड्यांचा वाहनतळ असं मिडटाउन प्लाझा उभारलं. उद्घाटन एप्रिल १९६२. अमेरिकेतला डाउनटाउनमधला पहिला छताखालचा मॉल म्हणून देशोदेशीचे नगररचनाकार तो बघायला यायचे. कागदावर बघा, सगळं कसं जुळतं. लूपवरून गाडीने या, तळघरात लावा, वर येऊन बाराही महिने उबेत हिंडा.

फक्त एक बारीकशी गोष्ट राहिली. ज्या रस्त्याने पंधरा मिनिटांत गावात येता येतं, त्याच रस्त्याने पंधरा मिनिटांत गावातून निघूनही जाता येतं.

रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचंच उदाहरण घ्या. ही संस्था डाउनटाउनमध्ये होती. इनर लूपची आखणी नेमकी तिच्या आवारातून गेली. संस्थेने विचार केला की इथे तुकड्यातुकड्यांत राहण्यापेक्षा बाहेर जाऊ, आणि १९६८ मध्ये ती हेन्रिएटाला १,३०० एकरांवर गेली. डाउनटाउन वाचवायला बांधलेल्या रस्त्याने डाउनटाउनमधले हजारो विद्यार्थी उठवले! आणि हेन्रिएटा? १९५० मध्ये जेमतेम साडेतीन हजार वस्तीचं शेतकऱ्यांचं गाव, १९७० मध्ये ३३ हजार. ज्या शोरूम्सच्या रस्त्यावर मी पहिला हिवाळा काढला, तो याच वीस वर्षांत शेतांतून उगवला.

इथपर्यंतची गोष्ट रस्त्यांची आणि दुकानांची आहे, आणि बरेचसे लेख इथेच थांबतात. मीही बरीच वर्षं इथेच थांबलो होतो. पण खंदक खणायला शेकडो घरं पाडली गेली, त्यांत राहत कोण होतं?

१९५० च्या दशकात रॉचेस्टरची कृष्णवर्णीय वस्ती तिपटीच्या आसपास वाढली. दक्षिणेतून, मुख्यतः फ्लोरिडातून, फळं तोडायच्या हंगामी कामावर आलेली माणसं इथेच राहायला लागली. त्यांना घरं मिळत ती दोनच भागांत, सातव्या वॉर्डात जोसेफ ॲव्हेन्यूभोवती आणि तिसऱ्या वॉर्डात क्लॅरिसा स्ट्रीटभोवती. उपनगरात घर घ्यायचं तर सरकारी हमीचं कर्ज त्यांना मिळायचं नाही, कारण त्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने रंगवलेल्या. कित्येक खरेदीखतांत तर हे घर काळ्या माणसाला विकता येणार नाही असं कलमच असायचं. ब्रायटन उपनगरातल्या मेडोब्रुक या वसाहतीच्या खतांत ते होतं, आणि ती वसाहत वसवण्यात कोडॅकचा हात होता. सुप्रीम कोर्टाने १९४८ मध्ये अशी कलमं लागू करता येणार नाहीत असं सांगितलं, तरी कागदावर ती तशीच राहिली.

कोडॅकमध्येही कृष्णवर्णीयांना नोकरी मिळणं दुरापास्तच होतं. म्हणजे देशातल्या सर्वात सुखी कंपनी-गावात राहायचं, पण ना कंपनीत प्रवेश, ना उपनगरात. २४ जुलै १९६४ च्या शुक्रवारी रात्री जोसेफ ॲव्हेन्यूजवळ रस्त्यावर नाचगाण्याचा कार्यक्रम चालू होता. तिथे पोलिसांनी एकाला अटक केली आणि ठिणगी पडली. तीन दिवस दंगल चालली. नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. पाहणी करणारं हेलिकॉप्टर क्लॅरिसा स्ट्रीटवरच्या घरावर कोसळलं. नंतर तिथल्या चर्चांनी एकत्र येऊन शिकागोचे प्रसिद्ध संघटक सॉल अलिन्स्की यांना बोलावलं आणि १९६५ मध्ये 'फाइट' ही संघटना उभी राहिली. अध्यक्ष फ्रँकलिन फ्लोरेन्स हे धर्मोपदेशक. डिसेंबर १९६६ मध्ये कोडॅकच्या एका अधिकाऱ्याने ६०० बेरोजगारांना प्रशिक्षण आणि काम देण्याच्या करारावर सही केली, आणि दोनच दिवसांत कंपनीने तो करार आपल्याला मान्य नाही म्हणून हात झटकले. मग 'फाइट'वाले पुढच्या एप्रिलमध्ये थेट भागधारकांच्या वार्षिक सभेत जाऊन उभे राहिले. आज 'शेअरहोल्डर ॲक्टिव्हिझम' म्हणून एमबीएला जे शिकवतात, त्याचं हे एक सुरुवातीचं उदाहरण. जूनमध्ये समझोता झाला.

क्लॅरिसा स्ट्रीट मात्र वाचला नाही. तिथे जॅझचे क्लब होते, न्हाव्यांची, खाण्याची दुकानं होती. नूतनीकरणाच्या नावाखाली आणि महामार्गापायी तो रस्ता बराचसा पुसला गेला. इथे 'नूतनीकरण' हा शब्द ऐकला की काही म्हाताऱ्या माणसांच्या कपाळावर आठी पडते, ती का ते मला फार उशिरा कळलं.

पुण्याशी तुलना करायचा मोह मला आवरत नाही. आमचं घराणं सदाशिव पेठेतून कोथरूडला गेलं ते मी चार वर्षांचा असताना. वाड्यात एक संडास आणि अकरा बिऱ्हाडं, त्यामुळे कोणाला वाईट वाटलं नाही. पण पेठ ओस पडली नाही. का? माझ्या मते एक साधं कारण आहे. कोथरूडचा कर आणि सदाशिव पेठेचा कर एकाच महानगरपालिकेत जातो. पुणं पसरत गेलं तशी भोवतालची गावं पालिकेत आली, १९९७ मध्ये आली, २०१७ मध्ये आली, २०२१ मध्ये पुन्हा २३ आली. (ती येऊन त्यांना पाणी मिळालं का हा स्वतंत्र लेखाचा विषय.) रॉचेस्टरची हद्द मात्र कधीच गोठली. हेन्रिएटा, ग्रीस, पिट्सफर्ड, ब्रायटन ही प्रत्येक स्वतंत्र टाउन, आणि शाळांचे जिल्हेही स्वतंत्र. शाळेचा खर्च मोठ्या प्रमाणात त्या जिल्ह्यातल्या घरपट्टीवर. म्हणजे पैसेवाला हद्दीच्या रेषेपलीकडे राहायला गेला की गावाचं गिऱ्हाईक तर जातंच, शाळेचा पैसाही जातो. मग शाळा खालावते, मग आणखी लोक जातात. हा लूप रस्त्याच्या लूपपेक्षा पक्का आहे आणि त्यातून बाहेर पडायची अट कोणी लिहिलेलीच नाही.

आकडे सांगतो. शहराची लोकसंख्या २०२० मध्ये २,११,३२८ होती. १९५० पेक्षा एक लाख वीस हजारांनी कमी. याच काळात सबंध मन्रो काउंटीची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या थोडी वरून साडेसात लाखांच्या वर गेली. लोक रॉचेस्टर सोडून गेले असं म्हणतात ते अर्धंच खरं. बरेचसे आठ-दहा मैलच गेले.

आणि आता माझी पाळी.

२०१३ मध्ये आम्ही घर घ्यायचं ठरवलं. मुलगी तीन वर्षांची होती. मला शहरातच राहायचं होतं. पार्क ॲव्हेन्यूच्या बाजूला जुनी लाकडी घरं आहेत, पुढे व्हरांडा, मोठाली झाडं, कोपऱ्यावर कॉफीचं दुकान. चालत जाऊन दूध आणता येतं! एक घर तर मला इतकं आवडलं होतं की मी मनातल्या मनात पुस्तकांचं कपाट कुठे ठेवायचं तेही ठरवून टाकलं. आमच्या एजंट बाईंना मी शाळांबद्दल विचारलं तर त्यांनी हसून सांगितलं, त्याबद्दल मला मत देता येत नाही, तुम्हीच वेबसाइटवर बघा. (अमुक वस्ती चांगली, तमुक वाईट असं सुचवून गिऱ्हाइकाला वळवणं कायद्यात बसत नाही. पूर्वी हेच काम राजरोस चालायचं, म्हणून ही खबरदारी.) रात्री आम्ही वेबसाइट बघितली. शहराच्या जिल्ह्यात हायस्कूल चार वर्षांत पूर्ण करणाऱ्या मुलांचं प्रमाण त्या वर्षांत निम्म्याच्या आसपास रेंगाळत होतं. पिट्सफर्डमध्ये जवळजवळ सगळीच करतात.

बायको म्हणाली, "तुझ्या इतिहासासाठी मी पोरीची शाळा पणाला लावणार नाही."

मी दोन दिवस वाद घातला. 'अर्बन-सबर्बन' नावाची योजना आहे, १९६५ पासून शहरातली काही मुलं उपनगरांच्या शाळांत जातात, हे सांगितलं. "ती योजना तुझ्यासारख्या दोन पगारवाल्यांसाठी आहे का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही पिट्सफर्डला घर घेतलं. सुंदर गाव आहे. कालव्याकाठी बदकं, आणि शेतं बिल्डरच्या घशात जाऊ नयेत म्हणून १९९६ मध्ये गावाने पैसे मोजून सुमारे १,२०० एकरांचे विकासहक्क विकत घेतलेले. उपनगराला स्वतःच्या वाढीपासून वाचवायला पैसे असतात. माझी घरपट्टी तेव्हापासून त्याच रेषेपलीकडे जमा होते, जिच्याबद्दल मी वर दोन परिच्छेद खरडले. १९६० साली कोडॅकमधला इंजिनियर ज्या कारणाने निघाला असेल त्याहून माझं कारण वेगळं होतं असं मला बरेच दिवस वाटायचं. त्यानेही मुलीच्या शाळेचंच नाव घेतलं असणार.

असो. मिडटाउनचं काय झालं ते राहिलं. १९९४ मध्ये मॅककर्डी आणि फोरमन दोन्ही दुकानं बंद झाली आणि मॉलचा प्राणच गेला. २००७ मध्ये एका टेलिकॉम कंपनीने तिथे मुख्यालय बांधायचं जाहीर केलं, २००८ मध्ये मॉलला टाळं लागलं, २०१० मध्ये पाडापाडी सुरू झाली आणि २०११ मध्ये ती कंपनीच विकली गेली. मनोरा मात्र वाचला. त्याचा पोलादी सांगाडा तेवढा ठेवून नवी काच चढवली आणि २०१६ मध्ये तिथे राहायची घरं झाली. घड्याळ आधीच हलवून विमानतळावर नेलं होतं. आईबाबांना सोडायला गेलो असताना ते अचानक समोर आलं तेव्हा नातेवाईक भेटल्यासारखं वाटलं.

उपनगरातले मॉल तरी टिकले का? आयरंडेक्वाइटचा मॉल १९९० मध्ये उघडला आणि वीस वर्षांत ओस पडला. हेन्रिएटाच्या मॉलमध्ये जिथे सिअर्स होतं, तिथे आता विद्यापीठाच्या रुग्णालयाचा हाडांचा विभाग आहे. ग्रुएनने तर १९७८ मध्येच या सगळ्या मॉलांचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं होतं. तोवर तो व्हिएन्नाला परतला होता, आणि तिथेही शहराबाहेर एक भलाथोरला मॉल उभा राहिला होता. बिचारा!

कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आज इथे सर्वात जास्त नोकऱ्या देतं ते रॉचेस्टर विद्यापीठ आणि त्याचं रुग्णालय. डाउनटाउनला वाचवायचे उपाय तर दर पाच-दहा वर्षांनी येत राहिले. त्यातला सगळ्यात भन्नाट म्हणजे २००४ मध्ये सुरू केलेली टोरांटोची वेगवान बोट, जी पुढे शहराने स्वतः विकत घेतली आणि २००६ मध्ये बंद केली. कॅनडाहून लोक रॉचेस्टर बघायला येतील ही कल्पना नेमकी कोणाला सुचली असेल?

त्या मानाने खंदकाचं काम साधं होतं. लोकसंख्या घटल्यावर लूपवर वाहतूक इतकी कमी झाली की साधा रस्ताही पुरला असता. २०१४ ते २०१७ या काळात पूर्वेकडचा सुमारे दोन-तृतीयांश मैलाचा भाग चक्क मातीने बुजवला. वर युनियन स्ट्रीट हा नेहमीसारखा रस्ता झाला, सायकलींची वेगळी वाट झाली, सहाएक एकर जमीन मोकळी झाली. तिच्यावर घरं उभी राहिली, काही परवडणाऱ्या भाड्याची, काही अजिबात न परवडणारी. खेळांचं स्ट्राँग म्युझियम २०२३ मध्ये तिकडे वाढलं. उत्तरेकडचा भाग बुजवायला राज्याने २०२२ मध्ये दहा कोटी डॉलर कबूल केले. त्या बाजूला ज्यांच्या आजोबांची घरं पाडली गेली तीच मंडळी आता सभांना येऊन विचारतात की मोकळी होणारी जमीन कोणाला मिळणार. एका सभेला मी गेलो होतो. मागच्या रांगेत बसलो, बोललो काहीच नाही. पिट्सफर्डचा माणूस काय बोलणार?

गेल्या महिन्यात मुलीला घेऊन युनियन स्ट्रीटवर गेलो होतो. ती आता पंधरा वर्षांची आहे आणि शाळेसाठी तिला जुन्या रॉचेस्टरवर काहीतरी लिहायचं होतं. मी तिला मोठ्या उत्साहाने दाखवायला लागलो, हा बघ, इथून इथपर्यंत खड्डा होता, खाली गाड्या जायच्या. तिने रस्ता बघितला, सायकलवाले बघितले, नव्या इमारतींच्या बाल्कन्यांत ठेवलेल्या कुंड्या बघितल्या. मग फोनवर १९५० च्या आधीचा नकाशा काढला आणि म्हणाली, "बाबा, खड्ड्याचं सोड. त्याच्याआधी इथे कोण राहायचं, त्यांची नावं कुठे मिळतील?"

पुढच्या शनिवारी आम्ही सार्वजनिक वाचनालयात चाललोय. जुन्या शहर-डिरेक्टऱ्या तिथे आहेत, घर क्रमांकानुसार.